मतमाउलीच्या वाटेवर: ख्रिस्ती श्रद्धा आणि जुने देव

सप्टेंबर उजाडला की पुण्याजवळच्या भोसरीतल्या मराठी ख्रिस्ती घरांत हरेगावची बोलणी सुरू होतात. गाडी कुणाची, माणसं किती, मुक्काम करायचा की दर्शन घेऊन त्याच रात्री परतायचं, कंपनीत पाळी कुणाशी बदलून घ्यायची. हरेगाव नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) श्रीरामपूर तालुक्यात आहे. एके काळी साखर कारखान्यासाठी ओळखलं जाणारं हे गाव आज मतमाउलीच्या, म्हणजे येशूची आई मारिया हिच्या, यात्रेसाठी ओळखलं जातं. चर्चच्या दिनदर्शिकेत ८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिवस. लोकांच्या लेखी मात्र ही यात्राच: नवस बोलायचा, नवस फेडायचा, मुलाला माउलीच्या पायाशी घालायचं. एमआयडीसीच्या शेडमध्ये आयुष्य काढलेली, नगर आणि जालन्याकडून आलेली किती तरी कुटुंबं वर्षातून एकदा या वाटेला लागतात.

भोसरीतल्या माझ्या ओळखीच्या एका मावशींच्या खोलीत भिंतीला एक फळी ठोकली आहे. फळीवर क्रूस, मारियेची मूर्ती, मेणबत्तीचा ओघळ साचलेली बशी आणि शेजारी पितळेचं छोटं निरांजन. मावशी नेवासे तालुक्यातल्या. लग्नातली हळद, बाळंतपणातली पाचवी, घरात कुणी आजारी पडलं तर उतरवून टाकलेला मिठाचा खडा, हे सगळं त्यांच्याकडे होतं. आणि रविवारची उपासना त्यांनी पावसापाण्यातही चुकवलेली नाही. मरीआईचा विषय निघाला की त्या म्हणतात, ती गावाकडची, आपण तिच्या वाटेला जात नाही. पण गावी तिच्या देवळावरून जाताना त्यांचा हात आपसूक पदराकडे जातो.

या घराला काय म्हणायचं? अर्धवट ख्रिस्ती? लपलेले हिंदू? दोन्ही नावं मला चुकीची वाटतात, आणि का ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. ख्रिस्ती श्रद्धा आणि तिच्याआधीची, युरोपात ज्यांना पेगन म्हणतात ती दैवतं, ऋतूंचे सण आणि विधी यांची सरमिसळ हा विषय सध्या जगभर चर्चेत आहे. मात्र ती चर्चा बहुतेक वेळा इंग्लंड-अमेरिकेतल्या अनुभवावर बेतलेली असते. आपल्याकडचा अनुभव त्याहून जुना, गुंतागुंतीचा आणि पुष्कळदा वेदनेचा आहे.

आधी पश्चिमेकडचं पाहू. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये गेल्या काही दशकांत स्वतःला ख्रिस्ती विक्कन म्हणवणारी माणसं दिसू लागली. ती येशूला मानतात, बायबल वाचतात. सोबत पौर्णिमेला वर्तुळ आखून विधी करतात, चार दिशांना आवाहन करतात, मारियेकडे किंवा पवित्र आत्म्याकडे देवीच्या रूपात पाहतात. विक्का हा धर्म स्वतःला फार प्राचीन म्हणवतो, पण त्याचा जन्म अलीकडचा आहे. जेराल्ड गार्डनर नावाचे इंग्रज गृहस्थ मलायात सरकारी नोकरीत होते. निवृत्तीनंतर ते इंग्लंडला परतले. १७३५ चा चेटूकविरोधी कायदा तिथे १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनर यांचं आधुनिक चेटूकविद्येवरचं पुस्तक आलं. एक देवी, एक शिंगधारी देव, ऋतुचक्रावर बसवलेले आठ सण, अशी त्याची मांडणी स्थिरावली. रोनाल्ड हटन या इतिहासकाराने १९९९ च्या ग्रंथात साधार दाखवलं की ही अखंड चालत आलेली परंपरा नाही. विसाव्या शतकात जुन्या तुकड्यांतून तिची नव्याने जुळणी झाली. त्या आठ सणांतही फेब्रुवारीतला मेणबत्त्यांचा सण आणि १ ऑगस्टचा नव्या धान्याच्या पावाचा सण ही चर्चच्या दिनदर्शिकेतून आलेली नावं आहेत. म्हणजे देणंघेणं दोन्ही बाजूंनी झालं.

या प्रवाहाचं वैशिष्ट्य म्हणजे त्यात माणूस एकटा निवड करतो. चर्च अपुरं वाटलं, निसर्ग हवासा वाटला, देवाचं स्त्रीरूप हवं झालं, म्हणून त्याने पुस्तकं वाचून, समविचारी शोधून आपली साधना स्वतः जुळवली. ती भूक खरी आहे, तिला मी खोटी म्हणणार नाही. मात्र मावशींच्या फळीवरची गोष्ट अशी घडलेली नाही. ती कुणी निवडली नाही. ती जमिनीतून, कुळातून, आजारपणातून आणि नवसातून आली.

हा भेद नीट कळायला चर्चचा जुना इतिहास थोडा माहीत हवा. इंग्लंडमध्ये धर्मप्रसार करणाऱ्यांसाठी पोप पहिले ग्रेगरी यांनी इसवी सन ६०१ मध्ये मेलिटस या मठाधिपतीकडे निरोप धाडला: देवळं पाडू नका, फक्त मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा आणि लोकांना त्याच जागी येऊ द्या, ते बैल बळी देत असतील तर त्याऐवजी संतांच्या सणाला मेजवानी करू द्या. जागा तीच, दिवस जवळपास तेच, देव नवा. युरोपातल्या खेड्यापाड्यांत पुढची अनेक शतकं याच धोरणावर गेली.

इथे एक लोकप्रिय समजूत दुरुस्त करायला हवी. नाताळ म्हणजे रोमन सूर्यदेवाचा सण चोरून केलेला सण, असं बेधडक सांगितलं जातं. २५ डिसेंबरला येशूजन्म साजरा होत असल्याची सर्वांत जुनी नोंद रोममधली, इसवी सन ३३६ ची आहे. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये अजिंक्य सूर्याची उपासना राजमान्य केली होती, हेही खरं. पण येशूची गर्भधारणा २५ मार्चला झाली असं मानून नऊ महिने पुढे मोजल्यावर ही तारीख येते, असाही एक सबळ खुलासा अभ्यासक देतात. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणजे एकीने दुसरीची उचल केलीच, असं होत नाही. वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे हात, पाय, बाळं, घरं वाहतात. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे आणि पाळणे वाहतात. पोर्तुगालमध्येही मेणाचे अवयव वाहण्याची प्रथा आहे. मग वांद्र्याची प्रथा कुठून आली? समुद्रावरून की कोळीवाड्यातून? बहुधा दोन्हीकडून आली आणि एकमेकींना ओळखून एकत्र नांदली.

गोव्यातला सांजाव तर हेच उघड्यावर दाखवतो. २४ जून हा बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा सण, येशूजन्माच्या जवळपास सहा महिने आधी. युरोपात हा उन्हाळ्याच्या मध्याचा, सर्वांत मोठ्या दिवसाच्या आसपासचा सण. तिथे रात्री होळ्या पेटवतात, आणि त्या होळ्या चर्चच्या आधीपासूनच्या आहेत असं बहुतेक अभ्यासक मानतात. पोर्तुगीजांबरोबर हा सण गोव्यात आला तेव्हा जून म्हणजे पावसाचे दिवस, विहिरी तुडुंब. मारिया भेटीला आली तेव्हा आईच्या पोटातल्या योहानाने उडी मारली, अशी बायबलमधली कथा आहे. गोव्यातली पोरं डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात, नव्या जावयाचा मान करतात, शिवोलीला होड्या सजवतात. अग्नीचा सण पाण्याचा झाला. हा बदल कुठल्या धर्मसभेत ठरला नव्हता, तो कोकणच्या पावसाने घडवला.

गोव्याचा इतिहास सगळाच असा हसराखेळता नाही. १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीला चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार केलं. त्याआधी पोर्तुगीजांनी तिथली देवळं पाडली होती. सूड म्हणून गावच्या नायकांना बोलणी करायला असोळणेच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आलं. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला नेली गेली. आजही शिमग्याच्या दिवसांत देवीची मिरवणूक फातर्प्याहून कुंकळ्ळीला तिच्या मूळ जागी येते. तिच्यासोबत बारा छत्र्या असतात, गावच्या बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या. त्या वांगडांतली काही घराणी आज ख्रिस्ती आहेत आणि तरी छत्रीतला त्यांचा मान टिकून आहे. चारशे वर्षांपूर्वी बाप्तिस्मा झाला, पण गावकरपण काही पुसलं गेलं नाही. श्रद्धा बदलता येते. जमिनीशी आणि कुळाशी असलेलं नातं त्याच दिवशी बदलत नाही, हे इतकं स्वच्छ मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

मारल्या गेलेल्या त्या जेझुइटांचे देह ताब्यात घेऊन त्यांचं दफन करण्याच्या कामात थॉमस स्टीफन्स हे तरुण इंग्रज जेझुइट होते. १५७९ मध्ये ते गोव्यात आले आणि साष्टीत राहून इथली भाषा शिकले. तलवारीने काय होतं हे त्यांनी कुंकळ्ळीत पाहिलं होतं. त्यानंतर ३३ वर्षांनी, १६१६ मध्ये, राशोल इथे त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं: जवळपास ११,००० ओव्या, मराठीत, पण रोमन लिपीत. नव्या ख्रिस्ती लोकांची पुराणं हिरावली गेली होती. त्यांना ऐकायला, गायला, घोळवायला काही उरलं नव्हतं. स्टीफन्सनी त्यांना तोच घाट दिला, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची ओवी दिली आणि स्वर्गासाठी वैकुंठ म्हणायलाही ते कचरले नाहीत. पुराण हे पुराणच राहिलं. कथा तेवढी येशूची झाली.

ही उदारता पुढे टिकली नाही. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत धर्मन्यायालय होतं. त्याने १७३६ मध्ये एक लांबलचक फर्मान काढलं. लग्नात ओव्या गाऊ नका, तुळस लावू नका, विडे-फुलं पाठवू नका, बिनमिठाचा भात शिजवू नका, पुरुषांनी धोतर नेसू नका, बायकांनी चोळी घालू नका, अशी मनाईची यादीच त्यात होती. आजच्या वाचकाला या फर्मानाची चीड येते, ती मलाही येते. पण इतिहासाच्या दृष्टीने हा अमोल कागद आहे. धर्मांतराला जवळपास दोनशे वर्षं होऊनही घराघरांत काय काय चालू होतं, त्याची ही सरकारी नोंद आहे. जे कुणी करतच नाही त्यावर बंदी कोण घालतं?

फर्मानं गेली, आणि लोक राहिले. म्हापशाला सेंट जेरोम चर्चमध्ये मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मारियेचं, फेस्त ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी भरतं. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्रीस सख्ख्या बहिणी, अशी लोकांची श्रद्धा आहे. सात बहिणींच्या त्या कथेत केळबाई, महामाया, मोरजाई अशा बहिणी आहेत. मिराबाई ही बहीण म्हापशाला गेली आणि मिलाग्रीस झाली. शिरगावहून तेल जातं, म्हापशाहून मोगरीची फुलं येतात, असं सांगतात. फेस्ताच्या दिवशी हिंदू आणि ख्रिस्ती एकाच रांगेत तेल घेऊन उभे असतात. धर्मशास्त्राच्या कसोटीवर मारियेला सहा हिंदू बहिणी असणं बसत नाही. पण गावाने दोन धर्मांत वाटली गेलेली आपली माणसं या कथेत पुन्हा एका आईच्या पोटी घातली. एवढ्या फाटाफुटीनंतर गावाने स्वतःचं स्वतः केलेलं हे शहाणपण आहे, आणि त्याची किंमत फार मोठी आहे.

उत्तर कोकणातलं चित्र थोडं वेगळं. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. तिथल्या आणि मुंबई-साष्टीतल्या ख्रिस्ती समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायची रीत आहे: वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी भरून आणायचं आणि त्या पाण्याने वर-वधूला न्हाऊ घालायचं. नारळाचा रस अंगाला चोळायचा. यातल्याच ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा होतो, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा. आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास घराच्या दाराला नवं धान्य बांधतात, तोच हा काळ. वसईच्या याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२० मध्ये. तेव्हा काहींनी त्यांच्या मराठीपणावर शंका घेतली. उंबराच्या पाण्याने न्हालेल्या समाजाच्या माणसाला ही शंका ऐकावी लागली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता पुन्हा आपल्या भागात येऊ. भोसरीहून एक रस्ता थेट आळंदीला जातो आणि देहूही लांब नाही. आषाढात तुकोबांची पालखी आकुर्डी, पिंपरी, कासारवाडी, दापोडी करत याच औद्योगिक पट्ट्यातून पुण्याला जाते. मराठी ख्रिस्ती माणसाची आणि या पालखीची गाठ ज्यांनी कायमची घालून दिली ते नारायण वामन टिळक. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण, कवी. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांनी इंग्रजी चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांऐवजी अभंग लिहिले, टाळ-मृदंगावर ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसू शकत होते. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, टिळक गेले आणि दरबार विरला. त्यांची गीतं मात्र ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून आजही दर रविवारी गायली जातात, भोसरीतल्या पत्र्याच्या शेडखाली भरणाऱ्या उपासनांतसुद्धा.

टिळकांच्या घरातलं चित्र तर आणखी बोलकं. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षं हिंदूच राहिल्या, सोवळं-ओवळं पाळत राहिल्या. एका छपराखाली दोन चुली आणि दोन धर्म होते. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्यामागे फरपटत जाऊन नव्हे. जातीची शिवाशिव माणसाने निर्माण केली आहे हे त्यांच्या मनाने घेतल्यावर. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी या एका कारणासाठी तरी वाचावं: श्रद्धा बदलताना माणसाच्या हातापायांना, जिभेला, पोटाला काय काय बदलावं लागतं, हे इतक्या मोकळेपणाने मराठीत दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही.

टिळकांच्या अगदी उलट टोकाला पंडिता रमाबाई. पुणे जिल्ह्यातल्याच केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी मूळ भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर केलं. जुन्या धर्माचा वास येणारे शब्द कटाक्षाने टाळले. संस्कृत शास्त्रांत वाढलेल्या या विदुषीला त्या शब्दांच्या पोटात बाईचं काय होतं ते ठाऊक होतं. म्हणून त्यांना सरमिसळ नको होती. टिळकांचं प्रेम आणि रमाबाईंचा नकार, दोन्ही तितकेच प्रामाणिक आहेत. सरमिसळीचं सरसकट कौतुक करणाऱ्यांनी रमाबाईंना विसरू नये.

पुण्यातच या प्रयोगांचं आणखी एक घर आहे. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूंनी १९२२ मध्ये नगर जिल्ह्यात सुरू केलेला ख्रिस्त सेवा संघ पुढे शिवाजीनगरला आला. खादी, भुईवर बसून जेवण, भारतीय पद्धतीची प्रार्थना. १९२७ मध्ये तिथे व्हेरियर एल्विन आले. त्यांना गांधीजींनी ओढून घेतलं, मग १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती सोबत्याबरोबर ते मंडल्याच्या गोंडांत राहायला गेले. आदिवासींना ख्रिस्ती करण्याऐवजी त्यांच्या देवांचं मोल जगाला सांगणारे मानवशास्त्रज्ञ म्हणून ते गाजले आणि चर्चपासून दूर झाले. पुण्याच्या आश्रमाने १९७२ पासून नवं रूप घेतलं. तिथे सारा ग्रँट यांनी अद्वैत आणि ख्रिस्ती श्रद्धा एकत्र मांडली. रोमनेही दारं उघडली होती. २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेत कॅथलिक चर्चने इतर धर्मांतल्या सत्याचा आदर मान्य केला आणि २५ एप्रिल १९६९ रोजी भारतासाठी बारा बदलांना परवानगी दिली: जमिनीवर बसणं, हात जोडून नमस्कार, समई, आरती, पुष्पांजली, शाल.

इथपर्यंत सगळं सुंदर आहे. पण नगर-जालन्याकडचा बहुसंख्य ख्रिस्ती कुठून आला? १८३१ पासून नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं. लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले ते मुख्यतः महार आणि मांग वस्त्यांतून, आणि १८७६-७७ च्या दुष्काळानंतर तर वेगाने. त्यांची जुनी दैवतं मरीआई, लक्ष्मीआई, म्हसोबा. पटकी आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर काढायचा, रेडा मारायचा, पोतराजाने अंगावर आसूड ओढून घ्यायचा, ही कामं गावाने त्यांच्यावर लादलेली. पश्चिमेकडच्या नव्या पेगनांना गावदेवी म्हणजे निसर्गाशी एकरूपता वाटते. आसूड ज्याच्या पाठीवर बसला त्याच्या लेकराला तसं वाटणार नाही. त्याच्यासाठी क्रूस म्हणजे त्या आसुडातून सुटका होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञांत जुन्या देवांना स्पष्ट नकार दिला, त्यामागेही हाच अनुभव होता.

मग चर्चने भारतीय व्हायचं ठरवलं तेव्हा त्याने काय घेतलं? अद्वैत, उपनिषदं, समई, संन्याशाची वस्त्रं. म्हणजे वरच्या जातींचा भारत. अरविंद निर्मळ या मूळच्या महाराष्ट्रातल्या दलित धर्मशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये बंगळुरूच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात या एकतर्फीपणाला जाहीर आव्हान दिलं आणि त्यातून दलित ईश्वरविज्ञान उभं राहिलं. मला त्यांचं म्हणणं पटतं. आश्रमातली आरती आणि भोसरीच्या मावशींचा मिठाचा खडा यांना एका मापाने मोजता येत नाही. पहिलीला धर्मगुरूंची मान्यता मिळते, दुसऱ्याला अंधश्रद्धा म्हणून झिडकारलं जातं.

आणखी एक कारण आहे आणि ते थेट कागदाचं आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना मिळत होता. शिखांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो आजही नाही. म्हणून कित्येक घरांत दाखल्यावर एक धर्म आणि प्रार्थनेत दुसरा. अशा घरात पोराच्या लग्नात दोन्ही पद्धतींचे विधी दिसले तर त्याला ढोंग म्हणणं अन्यायाचं आहे. ती दुहेरी ओळख कायद्याने त्यांच्या पदरात टाकली आहे.

सरमिसळीच्या नावाखाली काहीही खपवून घ्यावं, असं मी म्हणत नाही. विक्का हा शब्द आपल्याकडे आणताना विशेष जपायला हवं. इंग्लंडमध्ये स्वतःला चेटकीण म्हणवून घेणं ही एका बाईची हौसेची निवड असेल. आपल्याकडे नंदुरबारसारख्या भागांत डाकीण ठरवून बायकांना मारलं गेलं आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात नेऊ न देता मंत्रतंत्र करणं त्याने गुन्हा ठरवलं. हा नियम भगताला लागू आहे तसाच हात ठेवून रोग बरा करतो म्हणणाऱ्या पास्टरलाही. नवस बोला, मेणबत्ती लावा. गोळ्या बंद करू नका. हरेगावला जाणाऱ्या बहुतेकांना हे पक्कं कळतं. मावशींची रक्तदाबाची गोळी त्यांच्या फळीवरच, मारियेच्या मूर्तीमागे ठेवलेली असते.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट अशी की गोव्याच्या सांजावावर आणि वसईच्या लग्नावर लिहिणारे पुष्कळ आहेत, पण नगर-जालन्याहून पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात आलेल्या ख्रिस्ती घरांच्या रीतींवर फार थोडं लिहिलं गेलं आहे. ज्या आज्या अजून आहेत त्यांना बाप्तिस्म्याआधीच्या पिढीच्या गोष्टी ऐकून माहीत आहेत: जात्यावरच्या ओवीत येशू कसा आला, मरीआईच्या गाड्याचं काय झालं, हरेगावचा पहिला नवस कुणी बोलला. दहा-पंधरा वर्षांत ही माणसं नसतील, आणि त्यांची नातवंडं त्या ओव्यांऐवजी मोबाइलवरची हिंदी-इंग्रजी भक्तिगीतं ऐकत मोठी होत आहेत. ज्यांच्या घरात अशी आजी असेल त्यांनी या सप्टेंबरात हरेगावच्या वाटेवर तिच्या शेजारी बसावं, फोनचं रेकॉर्डिंग सुरू करावं आणि तिचं गाव, तालुका, साल विचारून वहीत लिहून ठेवावं. पाळकांनी आणि फादरांनी त्यात चूक-बरोबर करत बसू नये. आधी नोंद होऊ द्या.